हलणारं हृदय आणि लागणारी नाडी : सीपीआर चालू असताना प्रोब कुठे ठेवायचा?

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. ते चालू असलेल्या पेशंटवर सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, मुख्यतः दोन जागी ठेवतात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी ठेवला तर हृदय दिसतं, मानेवर ठेवला तर डोक्याकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी दिसते. इमर्जन्सीत दोन्हींना सर्रास 'सोनोवर पल्स बघितली' म्हणतात. पण छातीवरचा प्रोब पल्स दाखवत नाही, आणि ही गल्लत पेशंटच्या जिवावर बेतू शकते.

मुळात बोटं असताना प्रोब कशाला? कारण अशा वेळी बोटांचा भरवसा नसतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट-लंग मशीनवरच्या पेशंटच्या मानेची नाडी प्रशिक्षित लोकांना तपासायला दिली होती. नाडी असूनही सुमारे ४५ टक्के वेळा ती लागली नाही. नसताना सुमारे १० टक्के वेळा 'आहे' असं वाटलं. प्रत्यक्षात बीपी तळाला गेलेलं असतं, स्वतःच्याच बोटातले ठोके जाणवत असतात आणि हातात असतात जेमतेम दहा सेकंद.

आता छातीवरचा प्रोब. मॉनिटरवर हृदयाची विद्युत लय दिसते पण नाडी लागत नाही, याला पीईए म्हणतात. यातल्या काही पेशंटचं हृदय निपचित असतं, काहींचं क्षीणपणे आकुंचन पावत असतं. मोटर घरघरते आहे पण पाणी वरच्या टाकीपर्यंत चढत नाही, अशी ही दुसरी अवस्था. हा फरक महत्त्वाचा आहेच. अमेरिका-कॅनडातल्या २० रुग्णालयांमधल्या, पीईए किंवा मॉनिटरवर सरळ रेषा असलेल्या ७९३ पेशंटचा अभ्यास २०१६ साली आला. हृदयाची हालचाल दिसलेल्यांपैकी ३.८ टक्के जगून घरी गेले, न दिसलेल्यांपैकी ०.६ टक्के. पण म्हणून स्क्रीनवर हृदय हललं की छाती दाबणं थांबवायचं, हे साफ चूक. झडपेची नुसती फडफड किंवा अम्बू बॅगच्या (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीच्या) श्वासाने हृदयाला बसणारा हेलकावा म्हणजे आकुंचनसुद्धा नव्हे.

छातीवरच्या प्रोबचं खरं काम कारण शोधण्याचं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलंय का? हृदय रिकामं पडलंय का? एक सावधगिरी मात्र हवी : उजवा कप्पा फुगलेला दिसला की फुप्फुसात गुठळी असणार, असं लगेच ठरवू नका. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटांत तो एरवीही फुगतो.

मानेवरचा प्रोब एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : डोक्याकडे रक्त जातंय का? लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब आडवा धरला की शेजारी शेजारी दोन काळी वर्तुळं दिसतात, एक शीर आणि एक धमनी. हलका दाब दिला की शीर चपटी होते. धमनीत जोर असेल तर ती गोल राहून ठोके देते. तीही पूर्ण दबली, ठोका नाहीच, तर हात लगेच छातीवर. डॉप्लर (मशीनची रक्तप्रवाह मोजण्याची सोय) लावला तर प्रवाहाचा वेगही कळतो. फक्त हे कॉम्प्रेशन (छाती दाबणं) थांबलेलं असतानाच बघायचं, नाहीतर आपल्याच दाबण्याने धमनी उडताना दिसते. आणि धमनी उडतेय म्हणजे बीपी पुरेसं आहे असंही नाही. आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली, सतत बीपी दाखवणारी नळी) असेल तर शब्द तिचाच.

दोन्हींचा समान धोका वेळेचा. २०१७ सालच्या एका छोट्या अभ्यासात सोनोग्राफी केलेल्या पल्स चेकला सरासरी २१ सेकंद लागले, न केलेल्यांना १३. मर्यादा आहे दहाची. म्हणून प्रोब आधीच, कॉम्प्रेशन चालू असतानाच, जागेवर बसवायचा. थांबताच क्लिप रेकॉर्ड करायची, एकाने मोठ्याने आकडे मोजायचे आणि दहाच्या आत छाती दाबणं पुन्हा सुरू. छातीची क्लिप त्यानंतर बघता येते. मानेचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. प्रोब धरणारा आणि टीम चालवणारा एकच माणूस नको.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याच्या २०१२ च्या नियमांनुसार पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. एप्रनच्या खिशात घालून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेता येत नाही. तेव्हा इमर्जन्सीसाठी मशीन मागवताना नोंदणीचं काम आधी उरका, आणि मागणीपत्रात लिनिअर प्रोब न विसरता लिहा. पोटाच्या कर्व्हिलिनिअर (गोलसर तोंडाच्या) प्रोबने मान हवी तशी स्पष्ट दिसत नाही.