उमेदवाराचा अनुभव (अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक)

अमेरिकेच्या राज्यघटनेने अध्यक्षपदासाठी घातलेल्या अटी तीनच: जन्माने नागरिकत्व, किमान ३५ वर्षे वय आणि देशात १४ वर्षांचे वास्तव्य. कारभाराच्या अनुभवाची अट नाही. ती पारख मतदारांवर सोडलेली आहे. प्रचारात अनुभवाचा जेवढा गाजावाजा होतो, तेवढे वजन मतदार त्याला सहसा देत नाहीत.

२००८ ची लढत याचा चांगला नमुना आहे. बराक ओबामा इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये १९९७ ते २००४ होते आणि राष्ट्रीय सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) २००५ पासून, म्हणजे एक मुदतही पुरी नव्हती. पक्षांतर्गत लढतीत हिलरी क्लिंटन यांनी पहाटे तीनला व्हाइट हाउसमध्ये वाजणाऱ्या फोनची जाहिरात करून याच उणिवेवर बोट ठेवले. पुढे मुख्य लढतीत १९८३ पासून काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) असलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनीही तोच मुद्दा चालवला. पण अलास्काच्या गव्हर्नरपदी दोन वर्षेही न झालेल्या सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी निवडून त्यांनी आपलेच हत्यार बोथट केले. ओबामांनी मात्र १९७३ पासून सिनेटमध्ये असलेले जो बायडेन सोबत घेऊन उणीव झाकली. नवखा उमेदवार हा उपाय अनेकदा करतो.

त्या वर्षीच्या मतदानोत्तर चाचणीत ३४ टक्क्यांनी ‘बदल घडवण्याची क्षमता’ हा सर्वांत महत्त्वाचा गुण मानला, ‘योग्य अनुभव’ २० टक्क्यांनी. अनुभव निवडणाऱ्यांपैकी ९३ टक्के मते मॅकेन यांना पडली. हा आकडा जपून वाचावा लागतो. प्रश्नात एकच गुण निवडता येतो आणि पुष्कळ जण आधी उमेदवार ठरवून मग त्याला शोभणारा गुण सांगतात. त्यामुळे अनुभवाने मत वळले, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

२०१६ चा आकडा अधिक बोलका आहे. निवडून आलेले पद, सरकारी नेमणूक किंवा लष्करी सेवा यांपैकी काहीही पाठीशी नसलेले डोनाल्ड ट्रम्प हे पहिलेच अध्यक्ष. त्यांना पदासाठी पात्र मानणारे मतदार ३८ टक्के होते, तरी मते सुमारे ४६ टक्के मिळाली. काही मतदारांनी अपात्र ठरवूनही त्यांनाच मत दिले, हे उघड आहे.

अनुभवाचा कामगिरीशी संबंधही सरळ नाही. अध्यक्ष होण्यापूर्वी जेम्स ब्यूकॅनन यांनी संसदेची दोन्ही सभागृहे, राजदूतपद आणि परराष्ट्रमंत्रिपद पाहिले होते, तरी इतिहासकार त्यांना तळाशी ठेवतात. त्यांच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्याकडे राष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधिगृहाची एकच मुदत होती.