भुसा मिसळलेले प्लास्टिक : आगीबाबतचा खुलासा

प्लास्टिकमध्ये भाताचे तूस किंवा पेंढ्याचा भुगा मिसळला की ते काडेपेटीसारखे भडकते, हा समज जुना आहे. पण तो अर्धाच खरा आहे. पॉलिप्रॉपिलीन (अशा मिश्रणात वापरले जाणारे एक प्लास्टिक) जळताना किलोमागे सुमारे ४३ ते ४६ मेगाज्यूल उष्णता देते, तर तूस साधारण १३ ते १५ मेगाज्यूलच देते, म्हणजे भुसा हा या मिश्रणातला दुबळा जळण-घटक ठरतो. शिवाय तो जळताना कोळशाचा थर तयार होतो, तुसातील सिलिका (वाळूचा मुख्य घटक) राखेच्या रूपाने मागे उरते, आणि हे आवरण उष्णता व ज्वलनशील वायू यांना काही अंशी अडवत असल्याने उष्णता-उत्सर्जनाचा कमाल दर (आग ऐन भरात असताना उष्णता बाहेर पडण्याचा वेग) बहुधा शुद्ध प्लास्टिकपेक्षा कमी भरतो. वितळून टपकणेही घटते.

मात्र भुशातील सेल्युलोज व हेमिसेल्युलोज हे वनस्पती-तंतूंचे घटक प्लास्टिकच्या आधीच विघटित होऊ लागतात, त्यामुळे असा पदार्थ अनेकदा लवकर पेट घेतो. भीतीला आधार आहे तो एवढाच. याउलट, ‘सिलिका आहे, म्हणजे अग्निरोधक’ हा विक्रेत्यांचा दावा (माझ्या मते अधिक घातक) मुळीच टिकत नाही : ज्योत आपोआप विझावी असे वाटत असेल, तर अमोनियम पॉलिफॉस्फेट किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांसारखे ज्वालारोधक पुरेशा प्रमाणात घालावेच लागतात.