छोटा एफ, मोठा एफ: फंक्शनमध्ये काय आहे आणि ते कुठे आहे

परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात खायला जायचं ठरलं होतं, पण विजयनगरच्या ऑफिसातून पाय निघेना. धाकटा सहकारी म्हणाला, "दादा, फंक्शन बदललं, सेव्ह केलं, तरी लॉगमध्ये तारीख जुन्याच पद्धतीने येतेय."

त्याने बॅशला, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेलला, ‘डिक्लेअर’, डॅश आणि छोटा एफ लावून विचारलं होतं. अख्खं फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या कमांड, समोर आलं. त्यातली एक ओळ उचलून ग्रेप केलं, म्हणजे फाइलींत शोधली, तर काहीच सापडलं नाही. नावाने शोधल्यावर तीन फाइलींत त्याच नावाची तीन फंक्शनं निघाली. पहिलं दिसलं ते त्याने दुरुस्त केलं.

छोटा एफ फंक्शनमध्ये काय आहे ते सांगतो, आणि तेही फाइलीत होतं तसं नाही. बॅश स्वतःला समजलेली रचना नव्याने लिहून दाखवतो: कॉमेंट गळलेल्या, आखणी बदललेली, साध्या ओळींच्या शेवटी अर्धविराम चिकटवलेला. त्या एका अर्धविरामापायी ग्रेप रिकामं आलं होतं. ‘टाइप’सुद्धा हेच दाखवतं.

‘डिक्लेअर’ला छोट्याऐवजी मोठा एफ नुसता लावला तर फंक्शनचं नाव तेवढं परत देतो, म्हणून लोक त्याला बिनकामाचा समजतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. आधी ‘शॉप्ट -एस एक्स्टडीबग’ देऊन बॅशची एक्स्टडीबग ही सेटिंग चालू करा, मग तोच नाव, ओळ क्रमांक आणि फाइल सांगतो. आम्हाला उत्तर मिळालं: ‘नोंद ४२ ./जुने/मदत.एसएच’. ही फाइल स्क्रिप्टमध्ये सगळ्यात शेवटी सोर्स होत होती, म्हणजे वाचून चालवली जात होती, आणि एकाच नावाची फंक्शनं असली की शेवटचं तेच टिकतं. तिथे बदल केला आणि तारीख बरोबर आली.

मात्र हे विचारायचं स्क्रिप्टच्या आतच, फंक्शन वापरण्याच्या अगदी आधी. बाहेर टर्मिनलवर विचारलं तर टर्मिनलला ठाऊक असलेलीच फंक्शनं कळतात. ‘शॉप्ट’ आणि ‘डिक्लेअर’ या दोन्ही कमांड एका गोल कंसात घाला; कंसातलं सगळं सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालतं, आणि ती संपताच एक्स्टडीबगही संपतं. ते चालू राहिलं तर बॅशच्या इतर वागण्यातही फरक पडतो.

मॅकवर २०१९ पासून नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडशेल हा दुसरा शेल मिळतो. तिथे ‘डिक्लेअर’चा मोठा एफ फंक्शनसाठी नाही, दशांश संख्येसाठी आहे! तिथे साधं ‘टाइप’ विचारा, ते फाइलीचं नाव देतं.