औषध हेच हत्यार असते तेव्हा

टोबियस लिंडहोम यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द गुड नर्स’ या चित्रपटात अतिदक्षता विभागातील एक परिचारिका साठवणीच्या खोलीत जाऊन सलाइनची पिशवी हातात घेते, ती दाबते आणि सुईने पडलेल्या बारीक छिद्रातून पाणी झिरपताना पाहते. कुणीतरी सलाइनमध्ये आधीच इन्शुलिन मिसळून ठेवले आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात येते. चित्रपट ज्याच्यावर बेतला आहे तो चार्ल्स कलन न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या अमेरिकी राज्यांतील अनेक रुग्णालयांत 1988 पासून 2003 पर्यंत नर्स म्हणून नोकरी करत होता. त्याच्यावर 29 खून शाबीत झाले. पोलिसांसमोर त्याने 40 पर्यंत खुनांची कबुली दिली होती आणि खरा आकडा याहून कितीतरी मोठा असावा, असे तपासाशी संबंधित अनेकांचे मत आहे. कलनच्या मनात काय चालले होते याचे तयार उत्तर चित्रपट देत नाही, हा त्याचा मोठा गुण म्हणावा लागेल. प्रयोगशाळेच्या वाट्याला मात्र त्यात मोजकीच वाक्ये आली आहेत.

रुग्णालयातील विषप्रयोग उघड होणे इतके अवघड का असते, याचे कारण साधे आहे. तेथे विष बाहेरून आणावे लागत नाही. जे औषध सकाळी डॉक्टरांनी लिहून दिले त्याचीच जास्त मात्रा रात्री जीव घेऊ शकते, मृताच्या अंगावर सुया टोचल्याच्या खुणा असणे स्वाभाविक असते आणि गंभीर आजारी माणसाच्या मृत्यूने कुणाला धक्का बसत नाही. त्यामुळे विषशास्त्रज्ञाला ‘शरीरात औषध सापडले का’ एवढे विचारून भागत नाही. ते किती होते, केव्हा शिरले आणि शिरण्याचे काही कारण होते का, हे त्याला ठरवावे लागते.

इन्शुलिनच्या बाबतीत निसर्गाने एक खूण ठेवली आहे. स्वादुपिंडात प्रथम प्रोइन्शुलिन हा मोठा रेणू तयार होतो आणि त्याचे तुकडे होताना इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइड नावाचा एक रेणू सुटा होऊन रक्तात उतरतो. कारखान्यात तयार झालेल्या इंजेक्शनमध्ये हे सी-पेप्टाइड नसते. म्हणून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेल्या रुग्णाच्या रक्तात इन्शुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य आढळले, तर ते इन्शुलिन बाहेरून टोचले गेले असे मानता येते. दोन्ही वाढलेली असतील तर मधुमेहाच्या विशिष्ट गोळ्यांचा किंवा स्वादुपिंडातील गाठीचा विचार करावा लागतो. अडचण अशी की हा नमुना रुग्ण जिवंत असताना घेतलेला असावा लागतो. मृत्यूनंतर पेशी रक्तातील साखर वापरतच राहतात, म्हणून मृतदेहातील कमी साखर काहीच सिद्ध करत नाही, आणि तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील विकर (एन्झाइम) इन्शुलिनचाही नाश करते.

सी-पेप्टाइड माहीत होण्यापूर्वीचा एक खटला येथे आठवतो. 1957 मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात केनेथ बार्लो या नर्सची पत्नी घरातील न्हाणीच्या टबात मृत आढळली. तपासणाऱ्यांनी तिची त्वचा भिंगाखाली पाहून नितंबांवरील सुयांच्या खुणा हुडकल्या, तेथील ऊतींचा अर्क उंदरांना टोचला आणि उंदीर साखर उतरल्यावर होतात तसे झटके येऊन मेले. बार्लोला जन्मठेप झाली.

कलनच्या हातातील दुसरे औषध डिजॉक्सिन होते. फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचा हृदयविकारावरील उपयोग विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने 1785 मध्ये पद्धतशीरपणे नोंदवला. डिजॉक्सिन त्याच कुळातील वनस्पतीपासून मिळते. हृदयाच्या स्नायूपेशीत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. डिजॉक्सिन त्याला रोखते, पेशीत सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर पडण्याचा वेग मंदावतो आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. थकलेल्या हृदयाला हे हितकारक असले तरी हित आणि अपाय यांच्यातील अंतर फारच थोडे आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण 2 नॅनोग्रॅमच्या वर पातळी गेली की डॉक्टर सावध होतात, आणि ती बरीच वर गेली तर ठोक्यांची लय बिघडून हृदय बंद पडू शकते. परंतु हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांकडे असते, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या वृद्ध रुग्णात कुणाचाही दोष नसताना ते साचू शकते.

न्यू जर्सीतील सॉमरसेट मेडिकल सेंटरपुढे 2003 च्या उन्हाळ्यात नेमका हाच प्रश्न होता. डिजॉक्सिनची पातळी अनपेक्षितपणे चढलेल्या रुग्णांचे आकडे घेऊन तेथून राज्याच्या विषबाधा माहिती केंद्राला फोन गेला. आधीच्या मात्रा, त्यांच्या वेळा आणि औषध शरीरातून बाहेर पडण्याचा वेग यांचा हिशेब मांडला की पातळी स्वतःहून वाढली असेल की मध्येच कुणी नवी मात्रा दिली असेल, याचा अंदाज बांधता येतो. केंद्राचे संचालक स्टीव्हन मार्कस यांनी डिजॉक्सिनच्या दोन आणि इन्शुलिनच्या दोन अशा चार प्रकरणांकडे बोट दाखवून, हे कुणीतरी जाणूनबुजून करत असावे, असा इशारा जुलैमध्येच दिला. कलनला कामावरून काढले गेले ते 31 ऑक्टोबरला, आणि अटक झाली 12 डिसेंबरला. विज्ञानाने आपले काम वेळेत केले होते. मधले महिने कुठे गेले, हा प्रश्न विषशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

त्याला पकडून देण्यात औषधांच्या यांत्रिक कपाटाचा वाटाही मोठा होता. पिक्सिस नावाच्या या कपाटात नर्सने आपली ओळख आणि रुग्णाचे नाव नोंदवले की हव्या त्या औषधाचा खण उघडतो आणि कोणी, कुणासाठी, किती वाजता काय मागितले याची नोंद राहते. कलन औषध मागवून लगेच मागणी रद्द करत असे. कागदोपत्री औषध घेतलेच गेले नाही असे दिसे, पण खण तर उघडलेला असे. रद्द झालेल्या मागण्यांचा हा असाधारण ढीग त्याची सहकारी एमी लॉक्रेन हिने ओळखला आणि पुढे पोलिसांना मदत करून त्याला बोलते केले.

जर्मनीतील नील्स ह्योगेल या नर्सच्या प्रकरणात औषध होते अजमलिन, आणि त्याचे नाते आपल्या मातीशी आहे. सर्पगंधेच्या मुळांपासून हे द्रव्य रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी 1931 च्या सुमारास दिल्लीत वेगळे केले आणि युनानी वैद्य हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. हृदयाची बिघडलेली लय सुधारणारे हे औषध ह्योगेल रुग्णांना गुपचूप टोचून त्यांचे हृदय बंद पाडत असे आणि मग त्यांना शुद्धीवर आणण्याची शर्थ करून वाहवा मिळवत असे. शंभराहून अधिक मृतदेह उकरून तपासल्यावर 2019 मध्ये त्याला 85 खुनांसाठी दोषी ठरवण्यात आले.

या यशांमुळे प्रयोगशाळेच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावासा वाटतो, आणि धोका तेथेच आहे. नेदरलँड्समधील लुसिया द बेर्क या परिचारिकेला रुग्णांच्या खुनांसाठी 2003 मध्ये जन्मठेप झाली. ती कामावर असतानाच इतक्या संशयास्पद घटना योगायोगाने घडण्याची शक्यता 34 कोटी 20 लाखांत एक आहे, असे खटल्यात सांगण्यात आले होते. संख्याशास्त्रज्ञांनी हे गणित पुन्हा तपासले. ती कामावर असताना झालेल्या मृत्यूंकडेच संशयाने पाहिले गेले होते आणि वेगवेगळ्या विभागांचे आकडे चुकीच्या रीतीने एकमेकांशी गुणले गेले होते; हे दोष दूर केल्यावर ती शक्यता पंचविसांत एकाच्या आसपास आली. देशातील हजारो परिचारिकांपैकी कुणाच्या तरी वाट्याला असा योग येणे मग अजिबात नवलाचे राहत नाही.

त्या खटल्याचा वैद्यकीय आधारही डिजॉक्सिनच होता. एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूनंतर घेतलेल्या नमुन्यात ते जास्त आढळले होते. पण मृत्यूनंतर हे औषध हृदयाच्या स्नायूंतून बाहेर पडून आसपासच्या रक्तात उतरते, त्यामुळे तेथील पातळी जिवंतपणीच्या पातळीहून बरीच वाढलेली दिसते. डोळ्यातील द्रवाचा नमुना त्या मानाने अधिक विश्वसनीय मानला जातो. शिवाय प्रतिपिंडांवर आधारलेल्या नेहमीच्या चाचणीला लहान बाळांच्या शरीरात आपोआप तयार होणारी डिजॉक्सिनसारखी द्रव्येही डिजॉक्सिन वाटू शकतात. अधिक नेमक्या पद्धतीने मोजल्यावर पातळी कितीतरी कमी भरली. खटला नव्याने चालला तेव्हा सरकारी पक्षानेच तिच्या निर्दोष मुक्ततेची मागणी केली, आणि एप्रिल 2010 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली.