आंगेराँ कूसी आणि घरातल्या स्त्रियांकडून आलेली, गेलेली जहागीर

उत्तर फ्रान्समधल्या लाँ आणि सुआसाँ या शहरांच्या मधल्या टेकडीवर कूसीचा किल्ला होता. तिसऱ्या आंगेराँने १२२० नंतर बांधलेला त्याचा मुख्य बुरूज सुमारे ५५ मीटर उंच आणि ३१ मीटर व्यासाचा होता. घराण्याचे ब्रीद होते: ‘मी राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही, मी कूसीचा धनी आहे.’ या घराण्याचा शेवटचा पुरुष वारस म्हणजे सातवा आंगेराँ (१३४०–१३९७). त्याच्या लढायांवर भरपूर लिहिले जाते. पण तो कुठे आणि का लढला, हे आई, बायको आणि मुली यांच्या हक्कांकडे पाहिल्याशिवाय नीट उलगडत नाही.

त्याची आई कॅथरिन ही ऑस्ट्रियाचा ड्यूक पहिला लिओपोल्ड याची मुलगी, म्हणजे हाब्सबुर्ग घराण्यातली. वडील १३४६ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या युद्धात गेले, आई १३४९ च्या प्लेगमध्ये. नऊ वर्षांच्या पोराच्या हाती जहागीर आली आणि तिच्यासोबत आजोळच्या जमिनींवरचा एक न सुटलेला दावाही.

१३६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात ब्रेतिन्यीचा तह झाला. इंग्रजांच्या कैदेतला फ्रान्सचा राजा दुसरा जाँ सुटावा म्हणून ३० लाख एक्यूंची (फ्रेंच सोन्याच्या नाण्यांची) खंडणी ठरली आणि ती फिटेपर्यंत बडे सरदार ओलीस म्हणून इंग्लंडला पाठवले गेले. कूसी त्यांपैकीच एक. तिथे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या थोरल्या मुलीने, इझाबेलाने, त्याला पसंत केले. २७ जुलै १३६५ रोजी विंडसरला लग्न झाले तेव्हा ती ३३ वर्षांची होती, तो २५ चा. खंडणी न देता त्याची सुटका झाली, १३६६ मध्ये बेडफर्डचे अर्लपद मिळाले, पाठोपाठ सुआसाँची काउंटीही हाती आली. मारी आणि फिलिपा या दोन मुली झाल्या.

घरी परतल्यावर दिसले, की प्लेगनंतर कुळे जमीन सोडून चालली आहेत. जुन्या वेठीच्या नियमाप्रमाणे मेलेल्या कुळाची मालमत्ता धन्याकडे जाई. मग माणसे टिकणार कशी? १३६८ मध्ये त्याने २२ गावांना ठरावीक साऱ्याच्या बदल्यात या बंधनातून मोकळे केले. मला हा त्याचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

१३६९ मध्ये फ्रान्स-इंग्लंड युद्ध पुन्हा पेटले आणि खरी अडचण उभी राहिली. एकीकडे आपला राजा, दुसरीकडे सासरा, आणि दोघांशीही निष्ठेची शपथ. यातून वाट काढायला तो इटलीत पोपच्या बाजूने लढायला गेला. १३७५ मध्ये आईच्या हक्कासाठी भाडोत्री टोळ्या घेऊन तो स्विस मुलखात उतरला. फ्रान्सच्या राजालाही हे हवेच होते, कारण लुटारू टोळ्या परस्पर देशाबाहेर जात होत्या. मोहीम फसली ती पोटामुळे. हाब्सबुर्ग ड्यूकने वाटेतला मुलूख आधीच उजाड केला होता, त्यामुळे ऐन हिवाळ्यात दाणागोट्यासाठी फौज विखुरली. बुटिसहोल्ट्स, इन्स आणि फ्राउब्रुनेन इथे गावकऱ्यांनी आणि बर्नच्या लोकांनी एकेक तुकडी गाठून कापली. पुढे तडजोडीत नीडाऊ आणि ब्यूरेन ही ठाणी मिळाली. १३८८ मध्ये तीही गेली.

१३७७ मध्ये सासरा वारला. कूसीने इंग्लंडमधले सगळे मान परत केले. इझाबेला फिलिपाला घेऊन माहेरी राहिली आणि मारी फ्रान्समध्ये वाढली. एका घराचे असे दोन राज्यांत दोन तुकडे झाले. फिलिपाचे लग्न ऑक्सफर्डचा अर्ल रॉबर्ट डी व्हिअर याच्याशी झाले. त्याने १३८७ मध्ये तिला टाकून दिले.

इझाबेलानंतर कूसीने लोरेनच्या ड्यूकची मुलगी इझाबेल हिच्याशी लग्न केले. पुन्हा मुलगीच झाली, तिचेही नाव इझाबेल. पर्सेव्हाल नावाचा मुलगा होता, पण अनौरस. त्याला वारसा नव्हता.

पुढे कूसी तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धात गेला. २५ सप्टेंबर १३९६ रोजी आजच्या बल्गेरियातल्या निकोपोलिसला तुर्कांनी फ्रेंच फौज मोडली. तो पकडला गेला आणि १८ फेब्रुवारी १३९७ रोजी आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्सा इथे कैदेतच वारला. मारीचा नवरा आंरी द बारही त्याच मोहिमेत कैद झाला होता. तोही त्याच वर्षी गेला. विधवा मुलगी एका बाजूला, विधवा सावत्र आई दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये अख्खी जहागीर. १४०० मध्ये मारीने ती राजाचा भाऊ, ओर्लेआँचा ड्यूक लुई याला ४ लाख लिव्रना (तेव्हाचे फ्रेंच चलन) विकली. धाकट्या इझाबेलच्या बाजूने दावा लढवला गेला. १४०८ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँ न्यायालयाने जहागिरीतल्या कूसी, मार्ल आणि ला फेर यांचा निम्मा वाटा तिला दिला, पण १४११ मध्ये तीही वारली. मारीचा मुलगा रोबेर १४१५ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या आजँकूरच्या लढाईत पडला.

ओर्लेआँच्या या लुईचा नातू १४९८ मध्ये बारावा लुई म्हणून गादीवर बसला आणि कूसी राजघराण्यात विरली. किल्ल्याचा तो बुरूज मात्र मार्च १९१७ पर्यंत उभा होता. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंग लावून उडवला.