लाळ की रक्त? हार्मोन तपासणीला येण्याआधी हे वाचा

चिठ्ठीवर कॉर्टिसोल (ताणात वाढणारा हार्मोन), टीएसएच (थायरॉईडची तपासणी) किंवा प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी जोडलेला हार्मोन) लिहिलेलं असलं की आमच्या लॅबच्या काउंटरवर बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच असतो: सुई न टोचता थुंकीवरून होणार नाही का? मोबाईलवर लाळेच्या किटच्या जाहिराती दिसत असल्याने हा प्रश्न अलीकडे वाढला आहे, आणि तो विचारण्यात काही गैर नाही. उत्तर मात्र हार्मोननुसार बदलतं. एका तपासणीत लाळ रक्तापेक्षा सरस ठरते, काहींमध्ये ती जेमतेम चालते आणि बाकीच्यांत तिच्यावरचा पैसा वाया जातो.

लाळेत नेमकं काय उतरतं

रक्तातला बराचसा हार्मोन प्रथिनांना चिकटून फिरतो. शरीरावर काम करतो तो मोकळा भाग, आणि तो थोडाच असतो. कॉर्टिसोलचा साधारण ५ ते १० टक्के मोकळा, पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचा २ ते ३ टक्के, आणि थायरॉईडच्या टी-४ चा फक्त ०.०३ टक्के. कॉर्टिसोल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड जातीचे हार्मोन. त्यांचे रेणू लहान आणि चरबीत विरघळणारे असल्याने मोकळा भाग लाळग्रंथीच्या पेशींतून पाझरून लाळेत येतो. 'लाळेत खरा हार्मोन मोजतो' असं किटवाले म्हणतात, ते एवढ्यापुरतं बरोबर आहे.

टीएसएच, अंडाशयाच्या कामाशी जोडलेले एलएच, एफएसएच आणि एएमएच, तसंच प्रोलॅक्टिन आणि इन्सुलिन यांचं तसं नाही. हे प्रथिनांचे मोठे रेणू असल्याने ते लाळेत रक्ताच्या प्रमाणात उतरत नाहीत. थायरॉईडची तपासणी लाळेवर करून देतो असं कोणी म्हटलं, तर पैसे देऊ नका. टी-३, टी-४ साठीही रक्तच लागतं. फ्री टी-३ आणि फ्री टी-४ या तपासण्या रक्तातूनच मोकळा भाग मोजतात.

लाळ जिंकते ती एकाच जागी

चेहरा गोल होणं, पोट सुटून हातपाय बारीक राहणं, पोटावर जांभळट रुंद रेषा, तरुणपणीच बीपी आणि साखर वाढणं. असं चित्र दिसलं की डॉक्टरांना कुशिंग आजाराची, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल जास्त असल्याची, शंका येते. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. कुशिंगमध्ये रात्रीची ही घसरण होत नाही, म्हणून शोध घ्यायचा तो रात्री ११ ते १२ या वेळेत. त्या वेळी रक्त घ्यायचं तर माणसाला दवाखान्यात ठेवावं लागतं, आणि अनोळखी खाट व सुईच्या ताणानेच कॉर्टिसोल वर जातं. घरी अंथरुणावर बसून दिलेल्या लाळेत ही अडचण येत नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी कुशिंगच्या पहिल्या फळीच्या तपासण्यांत घेतली आहे. ती किमान दोन रात्री करायची असते. एका रात्रीच्या रिपोर्टवर निदान होत नाही.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या आणि गरोदर स्त्रियांसाठीही लाळेचा एक फायदा आहे. गोळ्यांतल्या किंवा गरोदरपणातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि रक्तातलं एकूण कॉर्टिसोल आजार नसतानाही जास्त दिसतं. मोकळा भाग मात्र गोळ्यांनी फारसा बदलत नाही, त्यामुळे लाळ तेवढी फसत नाही. गरोदरपणात तो मुळातच काहीसा वाढतो, तेव्हा तो रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचायचा.

रात्रीचा नमुना कसा द्यायचा

जेवण, चहा, फळ, जे काही घ्यायचं ते नमुन्याच्या किमान एक तास आधी आटपा. दात त्यानंतर घासू नका. ब्रशने हिरडीतून येणारं रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण मशीनला दिसतं. आकडे पाहा म्हणजे कारण कळेल. सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर ते १५,००० नॅनोग्रॅम झालं. रात्रीच्या लाळेची नेहमी वापरली जाणारी मर्यादा आहे सुमारे १४५ नॅनोग्रॅम. रात्रीच्या रक्तातही कॉर्टिसोल लाळेच्या कित्येक पट असतं, त्यामुळे लाळेत थोडं रक्त मिसळलं तरी रिपोर्ट वर सरकतो. हिरड्या सुजलेल्या असतील, तोंड आलेलं असेल किंवा दात नुकताच काढला असेल, तर आठवडाभर थांबा आणि आम्हाला कळवा.

पावणेअकराला साध्या पाण्याने चूळ भरा आणि दहा मिनिटं थांबा. लगेच नमुना दिला तर उरलेल्या पाण्याने लाळ पातळ होते. मग टीव्ही बंद करून शांत बसा. हात साबणाने धुवा, विशेषतः खाजेचं किंवा त्वचेचं कोणतंही मलम लावलं असेल तर. अशा काही मलमांत हायड्रोकॉर्टिसोन असतं, आणि हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसोलच. बोटावरचं मलम कापसाला लागलं की रिपोर्ट आकाशाला भिडतो, आणि माणसाला उगाच स्कॅनपर्यंत जावं लागतं.

किटमध्ये कापसाची गुंडाळी असेल तर ती दोन मिनिटं तोंडात हलकेच घोळवा. चावून चोथा करू नका. ती हाताने न पिळता नळीत परत टाका. किटमध्ये नुसती नळी असेल तर मान किंचित पुढे झुकवा, लाळ जिभेखाली साचू द्या आणि ओठांवरून सावकाश नळीत सोडा. खाकरू नका, घशातला कफ नळीत चिकटून बसतो आणि मशीनला तो ओढता येत नाही. १ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत लाळ हवी, वरचा फेस त्यात धरायचा नाही. फेस बसला की नळी अर्धी रिकामी दिसते, आणि नमुना परत जाण्याचं सर्वांत साधं कारण हेच आहे. लाळ येत नसेल तर कापलेल्या लिंबाकडे नुसतं बघा. लिंबू चाटू नका, कारण आंबटपणामुळे तपासणीची रसायनं बिघडतात.

नळीवर नाव, तारीख आणि घड्याळातली नेमकी वेळ लिहा. 'रात्री' एवढंच लिहिलेला नमुना आम्ही पुढे पाठवत नाही. नळी फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात न ठेवता आत ठेवा आणि सकाळी आणून द्या. लाळेतलं कॉर्टिसोल तसं टिकाऊ असतं, एका रात्रीच्या लोडशेडिंगने नमुना वाया जात नाही. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत नळी ठेवून बाजार करून येऊ नका. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूरकडून एसटीने येणार असाल तर बर्फाच्या पिशवीचा छोटा डबा आमच्याकडून आधीच न्या, त्याचे पैसे लागत नाहीत.

तंबाखू, मिसरी आणि ज्येष्ठमध

हे वेगळं लिहावं लागतं, कारण आपल्या भागात ते विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. लाळग्रंथीत एक एन्झाइम असतं. ते कॉर्टिसोलचं रूपांतर निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये करतं. ज्येष्ठमधातला घटक हे एन्झाइम अडवतो. मग कॉर्टिसोल तसंच उरतं आणि रिपोर्ट खोटा जास्त येतो. खोकल्याची चाटणं, घसा सुटावा म्हणून चघळायच्या कांड्या, काही काढे यांत ज्येष्ठमध असतं. चघळण्याच्या काही तंबाखूंत तोच घटक असतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाही रात्रीचा आकडा जास्त येतो. रात्री जेवणानंतर मिसरी लावण्याची सवय असलेल्या बायकांनी ती नमुन्याच्या दिवशी सकाळपासूनच बंद ठेवावी. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आम्ही ते फॉर्मवर लिहू, म्हणजे डॉक्टर रिपोर्ट त्या नजरेने वाचतील. लपवून काही साधत नाही.

रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र, एमआयडीसी अशा ठिकाणी रात्रपाळी करणाऱ्यांना ही तपासणी लागू पडत नाही. त्यांच्या शरीराची मध्यरात्र भलत्याच वेळी येते. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा डेक्सामेथासोन या स्टेरॉइड गोळीची तपासणी सांगतात: रात्री ११ ते १२ मध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त. त्यात कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरायला हवं. पाळ्या सतत बदलत असतील तर तीही कधी करायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गोळी विसरलात तर रक्त द्यायला येऊ नका, फोन करा.

गुडघेदुखीच्या पुड्या

बाजारात मिळणाऱ्या 'झटपट आराम' देणाऱ्या काही पुड्या-गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यात प्रेडनिसोलोन असेल तर अनेक मशीन त्यालाच कॉर्टिसोल समजतात आणि आकडा वाढतो. डेक्सामेथासोन असेल तर उलट शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल दबून आकडा तळाला जातो. लाळ असो वा रक्त, दोन्ही इथे फसतात. दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, गोरं होण्याची क्रीम, सगळं सांगा. आणि असं औषध बरेच दिवस चालू असेल तर तपासणीसाठी ते स्वतःहून एकदम थांबवू नका. शरीर कॉर्टिसोल बनवणं विसरलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. कसं कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील.

कॉर्टिसोल कमी असल्याची शंका असेल तर लाळ पुरत नाही. सकाळी ८ च्या सुमारास रक्त द्यावं लागतं. ३ मायक्रोग्रॅमच्या खालचा आकडा आला तर आम्ही रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करतो.

रक्ताच्या तपासण्यांत वेळ चुकते

रक्त द्यायचं ठरलं की लोक 'अनशापोटी यायचं ना?' एवढंच विचारतात. वेळ आणि पाळीचा दिवस त्याहून महत्त्वाचे असतात. एफएसएच, एलएच, इस्ट्राडिऑल पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी अपेक्षित असेल तिच्या सात दिवस आधी. 'एकविसावा दिवस' हे २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे; पाळी ३५ दिवसांची असेल तर अठ्ठावीसाव्या दिवशी या. एएमएच कोणत्याही दिवशी चालतं.

प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी या आणि आमच्याकडे पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. जिना चढून आलेल्या, घाबरलेल्या माणसाचं लगेच रक्त घेतलं तर थोडा वाढलेला आकडा हमखास मिळतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी; कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. टेस्टोस्टेरॉनची जेल वापरत असाल तर ज्या दंडाला लावता तो हात सोडून दुसऱ्या हाताचं रक्त द्या. स्त्रियांचं टेस्टोस्टेरॉन लाळेत इतकं कमी असतं की साध्या पद्धतीने ते भरवशाने मोजता येत नाही, म्हणून पीसीओडीसाठी लाळेचा आग्रह धरू नका. प्रोजेस्टेरॉनचं क्रीम लावणाऱ्यांच्या लाळेत तर आकडा अवाच्या सवा येतो, रक्तात मात्र तो किरकोळच दिसतो. त्यावरून डोस ठरवणं धोक्याचं.

थायरॉईडला उपाशी राहायची गरज नाही. चालू असलेली थायरॉईडची गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्या. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर किमान दोन दिवस बंद ठेवा. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १६५ ते ३३५ पट. अनेक मशीनच्या रसायनांत बायोटिन वापरलेलं असल्याने टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, आणि धडधाकट माणसाला थायरॉईड वाढल्याचा शिक्का बसतो.

सुईची भीती वाटणाऱ्यांसाठी: बहुतेक हार्मोन एकाच पिवळ्या टोपणाच्या नळीत, ३ ते ४ मिलिलिटर रक्तात होतात. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. चक्कर येत असेल तर आधी सांगा, आडवं झोपवून घेतो. फक्त एसीटीएचला (कॉर्टिसोल तयार करायला लावणारा हार्मोन) वेगळी जांभळी नळी आणि बर्फ लागतो. ते रक्त घरी येऊन घेत नाही, लॅबमध्येच यावं लागेल.

लाळेवरची 'संपूर्ण हार्मोन बॅलन्स' पॅकेजं आम्ही ठेवत नाही. लाळेत फक्त रात्रीचं कॉर्टिसोल, तेही डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर. नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबला जातो, म्हणून रिपोर्टला रक्तापेक्षा जास्त दिवस लागतात. किट नेताना चिठ्ठी, चालू औषधांच्या पट्ट्या आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत आणा. दोन रात्रींसाठी दोन नळ्या मिळतील, मोजून घ्या.