धम धम तीच, मग हाउस कुठलं आणि टेक्नो कुठलं?

लातूरच्या ट्यूशन एरियात ध्वनिलहरींचा धडा सुरू झाला की पोरं हमखास गाण्यांवर घसरतात. यंदा एकानं विचारलं, "सर, अभ्यास करताना हाउस लावावं का टेक्नो?" मागच्या बाकावरून परस्पर उत्तर आलं, "दोन्ही एकच रे, नुसती धम धम." सगळा वर्ग हसला. हाउस आणि टेक्नो म्हणजे यंत्रावर बनवलेल्या नाचाच्या संगीताचे दोन प्रकार. उत्तर अर्धं बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं हे बघण्यासारखं आहे.

वरातीची डीजे गाडी दोन गल्ल्या पलीकडे असताना आपल्यापर्यंत काय पोचतं? फक्त ठोका. हा ठोका साधारण ५० हर्ट्झच्या आसपासचा. एप्रिलात ४० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो, म्हणजे त्या ठोक्याची तरंगलांबी झाली ७ मीटर. एवढी लांब लहर घराच्या कोपऱ्याला वळसा घालते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. झांजेसारखा 'च्स्स' आवाज, ज्याला डीजेवाले हाय-हॅट म्हणतात, ८,००० हर्ट्झच्या घरातला. त्याची लहर जेमतेम साडेचार सेंटिमीटरची. ती भिंतीला आपटून परत फिरते, उरलीसुरली हवेत जिरते. हाउस आणि टेक्नो या दोन्हींत ठोका सारखाच असतो: चार मात्रांना चार, एकही न चुकवता. फरक असतो तो वरच्या बारीक आवाजांत. त्यामुळे गल्लीपलीकडून ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटणार, त्यात त्याच्या कानाचा दोष नाही.

ठोका सारखा असण्याचं आणखी एक कारण म्हणजे यंत्रच एक. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८३ साली टीआर-९०९ नावाचं तालयंत्र काढलं. ते फारसं खपलं नाही, दोनेक वर्षांत बंद पडलं आणि अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या ज्या वेअरहाउस क्लबवरून हाउसला नाव पडलं असं मानतात, तिथला गाजलेला डीजे म्हणजे फ्रँकी नकल्स. डेट्रॉइटच्या डेरिक मे यानं आपलं ९०९ या नकल्सलाच विकलं, असं सांगतात. डेरिक मे, हुआन अ‍ॅटकिन्स आणि केव्हिन सॉन्डरसन हे टेक्नोचे तीन आद्यपुरुष. म्हणजे टेक्नोवाल्याचं यंत्र हाउसवाल्याकडे गेलं, तरी दोन्हीकडचं संगीत वेगळंच राहिलं.

आता माझा आवडता भाग. वही-पेन घेऊन बसा.

मिनिटाला १२५ ठोके धरू. ६० सेकंद भागिले १२५, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.४८ सेकंद, ४८० मिलिसेकंद. यंत्र या जागेचे चार सारखे भाग पाडतं, प्रत्येकी १२० मिलिसेकंदांचे. हाय-हॅट या चारही खुणांवर नेमका वाजला की आवाज तिफणीच्या तासासारखा सरळ जातो. बराचसा टेक्नो असाच असतो. हाउसमध्ये दुसरी आणि चौथी खूण मुद्दाम थोडी मागे सरकवतात. याला स्विंग म्हणतात. अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८० च्या आपल्या तालयंत्रात ही सोय दिली, ९०९ वर तिचं नाव शफल.

स्विंग टक्क्यांत मोजतात. दोन भागांची जोडी २४० मिलिसेकंदांची. पहिल्या भागाला त्यातले ५० टक्के दिले की दोन्ही सारखे, स्विंग नाही. ५८ टक्के दिले तर पहिला भाग १३९ चा आणि दुसरा १०१ चा. म्हणजे मधला टोला १९ मिलिसेकंद उशिरा आला. ६६ टक्क्यांच्या पुढेमागे गेलं की जोडीचे दोनास एक असे भाग पडतात आणि चाल उघड लंगडी होते. आता १९ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, तो कुणाला कळणार? कळतो. इतक्या जलद टोल्यांत सहाएक मिलिसेकंदांची हलवाहलवही कान पकडतो. मात्र तो "उशीर झाला" असं सांगत नाही. ठोका तोच, वेग तोच, तरी कंबर हलायला लागते एवढंच आपल्याला जाणवतं.

हलगी जवळून ऐकलेल्याला हे नवीन नाही. कडब्याच्या जाळावर कातडं तापवून वाजवणारा उभा राहिला की जाड काडीचा टोला जागच्या जागी पडतो, पण बारीक काडीचे टोले काटेकोर समान अंतरावर कधीच नसतात. आपल्याकडचे डीजे याच हलगीचं 'हलगी मिक्स' करतात तेव्हा संगणकात क्वांटाइझ नावाचं बटण दाबून प्रत्येक टोला जवळच्या खुणेवर आणून बसवतात. स्पीकर दुप्पट लावले तरी नाचणाऱ्यांना काहीतरी कमी वाटतं, ते यामुळे. माझ्या मते ते बटण काही मिक्सवाल्यांच्या हातून काढूनच घ्यावं.

बाकीचे फरक थोडक्यात. शिकागोच्या हाउसमागे डिस्को आणि चर्चमधलं गाणं आहे, म्हणून माणसाचा आवाज, पियानोचे स्वरसमूह, गुबगुबीत बेस. डेट्रॉइट मोटारींचं शहर. तिथल्या पोरांनी क्राफ्टवर्क या जर्मन गटाचं यांत्रिक संगीत ऐकलेलं. टेक्नोत गाणं कमी. एकच सूर घेऊन त्याचा पोत मिनिटामिनिटाला बदलत नेतात. फिल्टरनं वरच्या कंप्रता, म्हणजे बारीक आवाज, आधी कापायच्या, मग कापण्याची मर्यादा हळूहळू वर न्यायची आणि त्या मर्यादेजवळच्या कंप्रता फिल्टरच्याच रेझोनन्स नावाच्या सोयीनं फुगवायच्या. सूर तोच राहतो, पण त्यातले उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, एकेक करून उजळतात. वेग हाउसचा साधारण १२० ते १२८, टेक्नोचा बहुधा १२५ च्या वर, कधी १४५ पर्यंत.

आणि अभ्यासाचं? त्याच पोराच्या मोबाइलमध्ये '४३२ हर्ट्झ, विश्वाची कंप्रता, स्मरणशक्ती वाढवा' असलं काहीतरी होतं. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. सेकंद माणसानं ठरवला: दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद. दिवसाचे भाग वेगळे पाडले असते तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता. विश्वाला आपलं घड्याळ ठाऊक नाही. असले व्हिडिओ बघण्यात जातो त्या वेळात दोन गणितं सुटतात.

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या एखाद्या तालयंत्राच्या अ‍ॅपमध्ये वेग १२५ ठेवा, चार ठोके भरा, हाय-हॅट सोळाही खणांत भरा आणि स्विंगची पट्टी ५० वरून ५८ वर न्या. इअरफोन लावूनच, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून ठोकाच ऐकू येत नाही. एवढं करून कुणी डेरिक मेची रेकॉर्ड लावली आणि म्हणाला, "सर, हे तर टेक्नो, तरी डोलतंय की," तर त्याचं बरोबर आहे. डेट्रॉइटच्या सुरुवातीच्या टेक्नोत डोल भरपूर होता. पट्टीसारखा सरळ टेक्नो पुढे युरोपात जास्त रुजला. आणि ज्याला टेक-हाउस म्हणतात त्यात तर ठोका, डोल आणि फिल्टर असं दोन्हीकडचं उचललेलं असतं. तिथे स्विंगवरून हाउस की टेक्नो ओळखायची ही कसोटी चालत नाही.